लिव्हरची बंदूक आणि नजरानचे कारागीर

लिव्हरची बंदूक म्हटली की घोड्यावर बसलेला, रुंद टोपीचा काउबॉय डोळ्यांपुढे येतो. मुंबईत मेट्रो आणि इरॉसच्या स्वस्त तिकिटांवर इंग्रजी चित्रपट पाहिलेल्या आपल्या पिढीला त्याचे वर्णन करून सांगायला नको. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढायची, पुन्हा वर घ्यायची, की रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. पण ह्या दांडीच्या बंदुकीचा संबंध अरबस्तानाशी, आणि तेथे राहिलेल्या आपल्या यहुदी भाईबंदांशीही पोहोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

आमचा भाचा बरीच वर्षे टेक्सासमध्ये स्थायिक आहे. तेथे काउबॉय पद्धतीच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरतात. हा खेळ मूळ कॅलिफोर्नियातला. १९८२ साली त्याची पहिली मोठी स्पर्धा झाली आणि १९८७ साली त्याची रीतसर संस्था निघाली. स्पर्धकांनी एकोणिसाव्या शतकातला पोशाख करायचा, एखादे टोपणनाव घ्यायचे, आणि दोन रिव्हॉल्वर, एक लिव्हरची रायफल व एक शॉटगन एवढ्या जुन्या धर्तीच्या हत्यारांनी लोखंडी तव्यांवर शिशाच्या गोळ्या झाडायच्या. वेळ घड्याळावर मोजतात. एक नेम चुकला की पाच सेकंदांचा दंड. रायफलीत दहा काडतुसे असतात, आणि पट्टीचा नेमबाज ती दहाही तीन सेकंदांच्या आत उडवतो.

आमचे आयुष्य फिटरच्या कामात गेले. आधी परळच्या रेल्वे वर्कशॉपात, नंतर इकडे इस्राएलात. त्यामुळे भाच्याकडे सहा आठवडे राहिलो, त्यांतले निम्मे दिवस त्याच्या गॅरेजमधल्या बाकावरच गेले. त्याची रायफल इटलीत बनलेली, १८७३ च्या विंचेस्टरची हुबेहूब नक्कल. बाहेरून ती जुनीच दिसली पाहिजे असा नियम आहे. आत मात्र बरेच काही करायला मुभा असते.

उघडल्यावर दिसते की आत दोन्ही बाजूंना गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या जोडपट्ट्या आहेत. दांडी ओढली की गुडघा मोडतो आणि बोल्ट मागे येतो. दांडी मिटली की गुडघा ताठ होऊन स्फोटाचा धक्का सोसतो. पहिले काम साफसफाईचे. मग भागांना शाई लावून दांडी पाच-पन्नास वेळा चालवायची आणि शाई कोठे पुसली जाते ते पाहायचे. जेथे घासते तेवढेच तेलदगडाने गुळगुळीत करायचे. ज्या टेकूवर भार येतो तेथे कानस लावायची नाही. मग स्प्रिंगा. कारखान्याच्या स्प्रिंगा जाड असतात; त्या हलक्या केल्या की दांडी लोण्यासारखी फिरते. पण घोड्याची स्प्रिंग फाजील हलकी झाली तर काडतुसाची टोपी फुटत नाही, आणि नेमका स्पर्धेच्या दिवशी नुसता ‘टक्’ आवाज येतो. शिवाय काडतुसांची लांबी एकसारखी हवी. ह्या जातीच्या बंदुकीत काडतूस पाळण्यात बसून वर चढते, लांबी कमीजास्त झाली की पाळणाच अडतो.

शेवटचा उपाय म्हणजे जोडपट्ट्याच बदलणे. नव्या पट्ट्यांनी सांध्यांची अंतरे बदलतात आणि दांडीचा फेर कमी होतो. हात थोडाच हलतो, म्हणून वेळ वाचतो. दांडी पूर्ण मिटल्याशिवाय चाप ओढला जाऊ नये म्हणून एक लहानसा अडसर असतो. काही उतावळे लोक त्यालाही हात लावू पाहतात. भाचा लावत नाही, हे पाहून आम्हांला बरे वाटले. गुडघा ताठ होण्यापूर्वी गोळी सुटली तर बोल्ट नेमबाजाच्या तोंडावर येईल. हलके करणे सोपे. हलके करून खात्रीचे ठेवणे कठीण. वर्कशॉपात आमचे जुने मिस्त्री ब्रेकच्या कामात हेच सांगत.

आता अरबस्तानाकडे वळू. १८७० च्या सुमारास तुर्की सुलतानाने अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीकडून लिव्हरच्या सुमारे ५०,००० बंदुका घेतल्या, आणि त्यानंतर लवकरच अमेरिकेतच सहा लाख पीबडी-मार्टिनी रायफलींची मागणी नोंदवली. मक्का, मदिना, जेद्दा ही शहरे असलेला हिजाज प्रांत, म्हणजे आजच्या सौदी अरबस्तानची पश्चिम बाजू, तेव्हा तुर्कांच्या अमलाखाली होता. तुर्की फौजेची हत्यारे आणि मस्कत-जिबूतीच्या व्यापारातून आलेला माल अशा दोन्ही वाटांनी मार्टिनी जातीच्या बंदुका अरबस्तानभर पसरल्या. मार्टिनीत एका वेळी एकच काडतूस बसते, पण तिचे सारे काम दस्त्याखालच्या दांडीवर चालते. आपल्या वाडवडिलांनीही ती हाताळली आहे. हिंदी पलटणींना स्नायडरनंतर मार्टिनी-हेन्रीच मिळाली होती.

ह्या बंदुकीचे वाळवंटात काय होई, ते १८८५ च्या सुदानच्या लढाईत इंग्रजांना कळले. पातळ पितळी पत्र्याची काडतुसे उष्णतेने आणि वाळूने नळीत चिकटून बसत, आणि आखूड दांडीला ती ओढून काढण्याइतके बळ नसे. म्हणून पुढच्या नमुन्यात दांडी लांब केली. यंत्राचा नियम एकच आहे. दांडी लांब, तर बळ जास्त. फेर कमी, तर वेग जास्त, पण जोर हाताला लावावा लागतो. ज्याला वाळूत जीव वाचवायचा त्याने दांडी लांब करून घेतली. ज्याला मैदानात सेकंद वाचवायचा तो तिचा फेर कमी करतो.

ही दुरुस्ती अरबस्तानच्या दक्षिणेस कोण करी? यमनमध्ये सोनार, लोहार, तांबट ही कामे पुष्कळशी यहुद्यांच्या हाती होती, आणि बंदुका दुरुस्त करणे हाही त्यांतलाच एक धंदा. पण इमामाच्या राज्यात यहुद्याला हत्यार बाळगण्याची बंदी होती. ज्याच्या हातून बंदूक नीट होई, त्याला ती खांद्यावर घेऊन आपल्याच दाराबाहेर पडता येत नसे. उत्तरेकडे नजरानमध्ये मात्र ही बंदी नव्हती. १८७० साली जोसेफ हालेवी हा विद्वान जेरुसलेमचा भिक्षेकरी रब्बी बनून तेथे गेला. बरोबर सनाचा तांबट हाईम हबशूश होता. नजरानचे यहुदी इतरांच्या बरोबरीने राहतात, हे त्यांना दिसले. हे लोक हत्यारे बाळगीत. आपण दहा वंशांपैकी आहोत, अशीही त्यांच्यात परंपरा होती. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला ह्याचे नवल वाटायचे कारण नाही.

१९३४ साली ताइफच्या तहाने नजरान सौदी राज्यात गेले. १९४९ साली तेथील यहुदी सादामार्गे निघाले, आणि त्यांतले पुष्कळजण एडनजवळच्या हाशेद छावणीत पोहोचले. तेथून विमानांनी इस्राएल. त्या मोहिमेत १९५० पर्यंत सुमारे ४९,००० माणसे आली.

आमच्या शेजारच्या यमनी सिनेगॉगात येणारे एक आजोबा त्यांतलेच. निघाले तेव्हा नऊ वर्षांचे होते. वडील चांदीचे काम करीत, आणि टोळीवाल्यांच्या बंदुकाही त्यांच्याकडे येत. एका संध्याकाळी आम्ही त्यांना भाच्याच्या स्पर्धेची चित्रफीत मोबाइलवर दाखवली. आजोबांनी ती दोनदा पाहिली.

“समोर कोण आहे?” त्यांनी विचारले.

“लोखंडाचे तवे, आजोबा.”

“आणि तिकडून कोण झाडतो?”

“कोणी नाही.”

ते हसले. म्हणाले, “मग बंदूक नीट करणाऱ्याला रात्री झोप लागत असेल. माझ्या बापाला लागत नसे. गोळी सुटली नाही तर मेलेल्याचे भाऊ दारात येत. सुटली तर मारलेल्याचे.”

त्यावर आम्हांला काही बोलता आले नाही. आमची नातवंडे सैन्यात आहेत. शुक्रवारी दुपारी रायफल खांद्यावर घेऊनच ती घरी येतात आणि शब्बाथच्या दिव्यांपूर्वी ती कपाटात कुलूपबंद होते. ऑक्टोबर २०२३ नंतर तर त्या कुलपाचा आवाज झाल्याशिवाय त्यांची आजी दिवे लावत नाही. त्यांना बंदूक खेळाची वस्तू वाटणे शक्य नाही. भाच्याला वाटते, ह्यात त्याचा दोष नाही. उलट ज्या देशात बंदुकीचा खेळ होऊ शकतो तेथल्या माणसांचे नशीब थोर म्हणायचे. मात्र हत्यार बाळगण्याचा हक्क म्हणजे काय, हे नजरानच्या माणसाला जितके कळत होते तितके त्या मैदानावरच्या कोणाला कळत असेल असे वाटत नाही.

आपल्या समाजाला तो हक्क कोकणातून मुंबईच्या पलटणीत गेल्यावर मिळाला. शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे आपण सुभेदार झालो. १७९६ साली मुंबईतली पहिली मशीद बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर पलटणीतलेच. एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याखाली होते, आणि आपले कितीतरी शिपाई व कारकून तेथे नोकरीस होते. त्यांची पदके आपण काचेच्या कपाटात ठेवतो. पण पलटणीची हत्यारे ज्यांनी तेल लावून, कानस लावून चालती ठेवली, त्यांना पदके थोडीच मिळतात!

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात कोणा आजोबा-पणजोबांचा नोकरीचा दाखला असेल, एडनचा एखादा फोटो असेल, पत्र्याच्या डब्यात जुनी कानस वा पाना पडला असेल, तर तो भंगारात टाकू नये. कोणाचा, कोठला, कशासाठी वापरलेला, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच डब्यात ठेवावे. आणि शेजारी कोणी नजरानचे, हब्बानचे वृद्ध असतील तर त्यांच्याकडे एक संध्याकाळ बसावे. ऐंशी ओलांडलेली ही माणसे आता थोडी उरली आहेत.