पेठच्या ताटातील आम्लाचा तोल

नाशिकहून गुजरातच्या दिशेने निघून सावळघाट ओलांडला की पेठ तालुक्याचे डोंगर समोर येतात. कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांच्या या मुलुखात खाचरांत भात, तर उतारांवर नागली व वरई पिकते. पावसाळ्यात नागलीच्या भाकरीसोबत उडदाची आमटी आणि टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या असतात. वयोवृद्धांच्या हृदयाचा विचार करताना हे साधे ताट अभ्यासण्याजोगे आहे.

मांस, अंडी, चीज आणि बहुतेक धान्ये पचल्यावर शरीरात आम्ल उरते. भाज्या व फळांतील पोटॅशियमयुक्त क्षार त्याचा समतोल साधतात. यालाच आहाराचा आम्लभार म्हणतात. चवीशी त्याचा संबंध नाही. लिंबू आंबट असले तरी त्याचा अंतिम परिणाम अल्कधर्मी असतो. नागलीही धान्यच, तिच्यासोबतच्या पालेभाजीने ताटाचा तोल राखला जातो.

आहारामुळे रक्त आम्लयुक्त होते, हा मात्र गैरसमज आहे. फुप्फुसे व मूत्रपिंडे रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या मर्यादेत राखतात. वयानुसार मूत्रपिंडांची क्षमता घटते, म्हणून उतारवयात त्यांच्यावरील भार कमी असणे हिताचे. काही निरीक्षणांत अधिक आम्लभार व उच्च रक्तदाब यांचा संबंध आढळला आहे. तथापि तेवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘डॅश’ आहाराच्या चाचणीत भाज्या, फळे व कमी स्निग्धांशाचे दूध यांनी रक्तदाब उतरला. त्याचे श्रेय एकट्या आम्लभाराला देता येणार नाही.

घरातील ज्येष्ठांना दोन्ही जेवणांत मऊ शिजवलेली भाजी द्यावी. ठेचा, पापड, लोणचे यांतील मीठ आवरावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे चालू असल्यास भाज्या-फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ‘आम्ल मारण्यासाठी’ रोज खाण्याचा सोडा घेऊ नये. त्यातील सोडियम अपायकारक ठरते.

अखेरची सूचना सर्वांत महत्त्वाची. छातीतील जळजळ प्रत्येक वेळी पित्ताचीच नसते. तिच्यासोबत घाम, धाप, किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाटापलीकडे राहणाऱ्यांसाठी तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते.