बांधावरचा पेला

मागच्या वर्षी फेस्ताच्या आधल्या रविवारी मिस्सेनंतर मी वेदीजवळून एक सूचना दिली होती. यंदा सरबतासाठी आणलेले पारदर्शक पेले मातीत मिसळून जाणारे आहेत, त्यांचा कोणास उपद्रव नाही, असे मी सांगितले. माझा आधार एवढाच, की पेल्यावर एक हिरवे पान छापलेले होते आणि पानाखाली तसे शब्द होते. लोकांनी पेल्यावर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवला. परिणामी कित्येकांनी ते पेले निःशंकपणे बांधापलीकडे भिरकावले.

यंदा ज्येष्ठात, भाताच्या नांगरणीच्या दिवसांत, एक वृद्ध शेतकरी माझ्या व्हरांड्यात आला. मातीने माखलेले तीन पेले त्याने पायरीवर ठेवले आणि म्हणाला, "फादर, हे तुमचे." अधिक काही बोलला नाही. मधे अख्खा पावसाळा गेला होता. मी एक पेला धुऊन पाहिला. पान अजून हिरवेच होते.

मी कारखानदारांना पत्र लिहिले. उत्तर अत्यंत सौजन्यपूर्ण आले. पेला विरघळतो, परंतु खताच्या मोठ्या कारखान्यात! अशा प्लॅस्टिकची जी प्रमाणित परीक्षा आहे, तीत सुमारे 58 अंश सेल्सिअस उष्णता कायम राखतात आणि 180 दिवसांच्या आत मालातील 90 टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. आमच्या बांधाला ती उष्णता कोठून यावी? म्हणजे, वाचकहो, पेल्यावरील शब्द खोटे नव्हते. ते अर्धेच होते.

अशा अर्धवट शब्दांची कोणी मोजदाद केली आहे काय, याचा मी शोध घेतला. कॅनडातील टेराचॉइस नावाच्या संस्थेने 2007 साली तसा प्रयत्न केला होता. तिच्या माणसांनी सहा मोठ्या दुकानांत जाऊन 1,018 वस्तूंवरील 1,753 पर्यावरणविषयक दावे टिपून घेतले आणि प्रत्येक दाव्याला साधेच प्रश्न विचारले. पुरावा आहे काय? शब्दाचा अर्थ निश्चित आहे काय? एक गुण सांगताना दुसरा दोष झाकला आहे काय? मुळात ही गोष्ट सांगण्याजोगी तरी आहे काय? (ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंवर कायद्याने बंदी आलेली असताना "आमच्या डब्यात ते वायू नाहीत" अशी फुशारकी मारणारेही आढळले.) या कसोटीला एकच वस्तू पूर्णपणे उतरली. मला विशेष वाटले ते पुढेच. निव्वळ थापा शंभरांत जेमतेम एक निघाल्या. 57 टक्के दाव्यांत एक चांगली बाजू पुढे करून बाकीचे झाकलेले होते. मोजणारी संस्था स्वतः पर्यावरणाची प्रमाणचिन्हे देण्याच्या व्यवहारातली, तेव्हा तिचे आकडे थोडे जपूनच घ्यावेत. परंतु 2020 साली युरोपीय आयोगाच्या पाहणीतही 150 दाव्यांपैकी 53.3 टक्के दावे संदिग्ध, दिशाभूल करणारे वा निराधार ठरले.

आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. "हरित", "निसर्गस्नेही" असले शब्द वापरायचे तर त्यांचा खुलासा व पुरावा ग्राहकाला मिळाला पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. नियम चांगला आहे. पण तो वाचून पेला उलटून पाहणारा कोणी हवा, आणि मी तर शिकलेला असूनही पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो आणि माझी सूचना चुकीची होती असे सांगितले. चर्च क्षणभर अगदी शांत झाले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले, ते बरेच झाले. मुलांनी पोती घेतली. आम्ही 600 पेले आणले होते. तीन रविवारांत मुलांनी 371 गोळा केले. बाकीचे अजून शेतांत आहेत.