फॉर्म भरायचाय, बाई

चौदा-पंधरा वर्षांचं मूल ‘मला फार वाईट वाटतंय, माझ्याशी बोला’ असं म्हणत माझ्या खोलीत येत नाही. ते येतं बोनाफाईड मागायला, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख विचारायला, आयटीआयला किती टक्के लागतात ते विचारायला. बरोबर एक मित्र असतो, तो दाराशीच घुटमळतो. प्रश्नाचं उत्तर मिळतं, मित्र ‘चल ना’ म्हणून खुणावतो, आणि तरीही हे मूल उठत नाही. टेबलाच्या कडेवर नखानं रेघोट्या ओढत बसतं. माझं काम तिथून सुरू होतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शिक्षण संस्थेच्या अनुदानित मराठी शाळांमध्ये मी समुपदेशक आहे. आठवी ते बारावीची मुलं. बहुतेकांचं घर कोरडवाहू शेतीवर आणि मजुरीवर चालतं, काहींचे वडील मुंबईला माथाडी कामगार आहेत, काहींचे आईवडील दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. अशा शाळांत माझ्या कामाची दोन तुकड्यांत वाटणी केलेली असते. करिअर मार्गदर्शन म्हणजे जानेवारीत बाहेरगावचे पाहुणे येऊन पडद्यावर चित्रं दाखवतात ते. मानसिक आरोग्य म्हणजे १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, डॉक्टरांचं व्याख्यान. या दोन दिवसांच्या मध्ये मूल एकटं असतं. मला ही वाटणी मान्य नाही. मुलाच्या मनातलं दुखणं आणि त्याच्यापुढे बंद झालेली वाट इतकी एकमेकांत गुंतलेली असतात, की एक सोडवायला घेतलं की दुसरं हाताला लागतंच.

नववीतल्या एका मुलीचं सांगते. (या लेखातल्या सगळ्या मुलांचे तपशील मी बदलले आहेत.) तिचं पोट दुखायचं. आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीनंतर घरी जायची. ग्रामीण रुग्णालयात दाखवून झालं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. वर्गशिक्षिकांनी माझ्याकडे पाठवलं तेव्हा तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : ‘बाई, एनएमएमएसचे पैसे कधी येतात?’

एनएमएमएस म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेची परीक्षा आठवीत होते. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९० प्रश्न. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारं हवं. देशभरात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या, त्यातल्या ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याच्या. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. ज्या घरात दोन वेळची भाजी हिशेबानं होते, तिथं ही रक्कम किती मोठी ते सांगायला नको.

या मुलीची निवड झाली होती. शाळेच्या फलकावर नाव लागलं, ग्रामपंचायतीनं सत्कार केला. नंतर मात्र पैसे आलेच नाहीत. निवड झाली तरी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नववीत नव्यानं नोंदणी करावी लागते, पुढे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, शाळेनं ते मुदतीत पडताळावं लागतं, आणि आधार क्रमांक शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला त्याच खात्यात पैसे जातात. तिच्या आधारवर आडनावाचं एक अक्षर वेगळं होतं. एवढ्यावर सगळं अडलं होतं. घरी वडील रोज विचारायचे, ‘तुझं नाव खरंच लागलंय ना?’ त्यांना तिच्यावर संशय घ्यायचा नव्हता, त्यांना काळजी होती. मुलीला मात्र आपण खोटं ठरल्यासारखं वाटत होतं. पोट दुखायचं ते त्या प्रश्नामुळे.

अशा मुलीला मी दीर्घ श्वसन शिकवायचं? शिकवलंही. पण त्याच्या आधी आम्ही दोघी शाळेच्या लिपिकांकडे गेलो, मग तिच्या आईला घेऊन आधार केंद्रात. आडनाव दुरुस्त झालं, अर्ज पुढे सरकला. पोटदुखी लगेच थांबली नाही. वडिलांशी बोलायला दोन महिने गेले, कारण आपल्या प्रश्नानं मुलीला इतकं लागतं ही कल्पना त्यांना पेलत नव्हती. ते बोलणं कागद हलला म्हणून शक्य झालं. नुसतं ‘मुलीला समजून घ्या’ असं सांगायला गेले असते, तर त्यांनी ‘हो बाई’ म्हणून मान हलवली असती आणि तेवढ्यावरच राहिलं असतं.

आमच्याकडच्या मुलांच्या ‘टेन्शन’मध्ये अशा गोष्टींचा वाटा फार मोठा असतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, जात वैधता, नावातला फरक. शहरातल्या पालकांना हे रुक्ष वाटेल. पण पहिल्यांदाच दहावीपलीकडे जाणाऱ्या घरात या प्रत्येक कागदापाशी मूल एकटं उभं असतं, कारण घरातल्या कुणीच ती वाट आधी चाललेली नसते. २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी आमच्या तालुक्यात मूल वडिलांबरोबर कॉलेजात जायचं, फॉर्म भरायचं, झालं. आता दहापर्यंत पसंतीक्रम द्यायचे, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. सेवा केंद्रातल्या मुलानं घाईत जे कॉलेज पहिलं टाकलं ते चाळीस किलोमीटरवर निघालं, तर मुलीचं शिक्षण तिथंच थांबू शकतं. शिष्यवृत्तीचं मूल अकरावीला विनाअनुदानित कॉलेजात गेलं, तर उरलेल्या दोन वर्षांचे पैसेही जातात. हे मी नववीपासून सांगते, कारण जूनमध्ये सांगून उपयोग नसतो.

दहावीच्या निकालाचंही असंच. २०१५पासून नापास विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा जून-जुलैमध्येच होते, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. शाळा सुटलेल्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावी देता येते. मोठ्यांना हे सगळं ठाऊक असतं, म्हणून मुलांनाही ठाऊक असेल असं आपण धरून चालतो. निकालाच्या दिवशी ‘आता सगळं संपलं’ म्हणणाऱ्या मुलाला ही फेरपरीक्षा माहीतच नसते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून निकालाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही काठावरच्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन करतो आणि पुढचे रस्ते आधीच सांगून ठेवतो.

आता उलट बाजू. कागद सगळे जागेवर आहेत, संधीही समोर आहे, आणि मूल ती घेऊ शकत नाही.

आमच्याकडचे मुलगे दुःख दुःखाच्या शब्दांत सांगत नाहीत. ‘डोकं दुखतंय’, ‘मूड नाही’, ‘अभ्यासाला बसवत नाही’. किंवा काहीच न बोलता मारामारी करतात. बारावीतला एक मुलगा अग्निवीर भरतीचं विचारायला आला होता. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावायचा, दिवसा कॉलेज, रात्री मोबाईल. झोप जेमतेम चार तास. या वयात शरीराचं घड्याळच मागे सरकतं. झोप उशिरा येते आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. त्याचं वजन उतरलं होतं. वर्षापूर्वी वडील गेले होते. मी भरतीच्या वयाचं सांगितलं, कागदांचं सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘नाही झालं तर बघू दुसरं काहीतरी.’ ते ‘दुसरं काहीतरी’ ज्या स्वरात आलं, तो स्वर मी ओळखते.

मी त्याला सरळ विचारलं, ‘जगू नये असं मनात येतं का तुझ्या?’

हा प्रश्न विचारायला शिक्षक घाबरतात, पालक तर फारच घाबरतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल, असं त्यांना वाटतं. ही भीती खोटी आहे. या विषयावर झालेलं संशोधन हेच सांगतं, की शांतपणे, थेट विचारल्यानं धोका वाढत नाही. कुणीतरी हे ऐकू शकतं, याचा मुलाला दिलासाच वाटतो. विचारताना आवाज साधा ठेवायचा. ‘असलं काही मनात नाही ना रे?’ असं विचारायचं नाही, कारण त्या वाक्यात ‘नाही म्हण’ अशी विनवणी असते आणि मुलं आज्ञाधारकपणे ‘नाही’ म्हणतात. हो म्हटलं तर दचकायचं नाही. आईचा दाखला द्यायचा नाही, शपथ घालायची नाही. कधीपासून, किती वेळा, काही ठरवलं आहे का, हे विचारायचं आणि मुलाला एकटं सोडायचं नाही.

तो हो म्हणाला. त्याच दुपारी त्याच्या आईला आणि मामांना बोलावलं, त्याच्या देखतच बोलले. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे आम्ही सगळे मिळून गेलो. औषधं सुरू झाली. मामा म्हणाले, ‘गोळ्यांची सवय लागंल.’ नैराश्याच्या औषधांचं व्यसन लागत नाही आणि ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, मीही सांगत राहिले. धावणं काही आठवडे थांबलं, पुढे सुरू झालं. यंदा तो भरतीला उतरला नाही. मामांच्या वर्कशॉपमध्ये काम शिकतो आहे आणि पुढच्या वर्षीचं ठरवेन म्हणतो.

प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत मी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल, किंवा कुणी तुझ्याशी लैंगिक गैरवर्तन करत असेल, तर मला ते योग्य ठिकाणी सांगावं लागेल. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारकच आहे. आधी सांगितल्यामुळे मुलं बोलायची थांबत नाहीत. ज्यांना सांगायचं असतं, ती याच आधारावर सांगतात.

आकडे थोडक्यात मांडते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांच्या तुकडीत चार-पाच जण. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे राज्यांमध्ये आपला क्रमांक पहिला. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या : शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं किमान एक पात्र समुपदेशक हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं शक्य तितकं टाळावं, असंही त्यात आहे. आमच्याकडे ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडी ‘त्यांची’, हे आजही चालतं. ‘ड’मधल्या मुलांना विचारा, त्यांना ते कुठल्या इयत्तेपासून कळलं आहे.

मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. नववी-दहावीतली मुलगी अचानक गप्प होते, वह्या अपुऱ्या राहतात, मैत्रिणींना टाळते, तेव्हा घरी ‘पाहायला’ कुणी येऊन गेलं का, हे मी विचारतेच. बालविवाह रोखायला १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, कायदा आहे, आणि वेळ पडली तर तो वापरावाच. पण आईवडिलांना दुसरी वाट दिसली तर ते स्वतःच थांबतात, हा माझा अनुभव. राज्यात २०२४-२५पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एका वडिलांना मी हे शासन निर्णयाचा कागद पुढे ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, ‘वसतिगृह कुठं मिळंल?’ लग्नाची बोलणी त्या प्रश्नापाशी थांबली. मुलगी आता तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे.

अनुदानित शाळेत समुपदेशकाचं मंजूर पद बहुतेक ठिकाणी नाही. माझं मानधन संस्था स्वतःच्या निधीतून देते, आणि मी एका शाळेत आठवड्यातून एकच दिवस असते. उरलेले दिवस वर्गशिक्षकच सांभाळतात, आणि त्यातले कित्येक जण उत्तम सांभाळतात. त्यांना मी एवढंच शिकवते : काय पाहायचं, काय विचारायचं, कुणाला कळवायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास चालू आहे, विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. तो आम्ही मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दारांवर आतल्या बाजूनं लावला आहे, कारण फलकासमोर उभं राहून हा क्रमांक कुणी उतरवून घेत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरं सत्र सुरू होईल, पूर्वपरीक्षा येईल, त्याआधी पालकसभा होईल. त्या सभेत टक्क्यांवर बोलणं होईलच. तुमचं मूल ज्या शाळेत आहे तिथं हेही विचारा : इथं समुपदेशक आहे का, आठवड्यातून किती दिवस, कुठल्या खोलीत बसतात, त्या खोलीचं दार बंद होतं का, आणि शिष्यवृत्तीचं नूतनीकरण कोण पाहतं. उत्तर मिळालं नाही तर सभेच्या इतिवृत्तात प्रश्न लिहून घ्यायला सांगा.