आईच्या पावलांनी लिस्बन



मे महिन्याच्या शेवटी आम्ही तिघे पोर्तुगालला जाणार आहोत: आई, मी आणि माझी धाकटी बहीण. बहीण गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये नर्स आहे. आईला एकदा फातिमाला न्यायचे, असे तिने पहिला पगार हातात पडला तेव्हाच ठरवले होते. ते आता जमून येत आहे. तिला रजा चारच दिवसांची. ती तिकडून येईल, आम्ही दोघे बेळगावहून निघून तिला लिस्बनमध्ये भेटू. येण्याजाण्याचा वेळ वगळला तर हाती उरतात अडीच दिवस. त्यांत काय काय पाहायचे हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. "घरात तूच पुस्तकं वाचतोस," असे बहीण म्हणाली.

लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे असे म्हणतात. समोर तेजो नदी, शहरापाशी तिचे पात्र समुद्रासारखे पसरलेले. वर्षाकाठी सुमारे 2800 तास ऊन असते, म्हणून युरोपातल्या सर्वांत उन्हाळ राजधान्यांत तिची गणना होते. मी वाचत गेलो आणि यादी वाढत गेली. टेकडीवरचा संत जॉर्जचा किल्ला, अरुंद गल्ल्यांतून चढणारी 28 नंबरची जुनी ट्राम, 1902 साली बांधलेली 45 मीटर उंचीची लोखंडी लिफ्ट. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भाविकांनी भरलेली असताना मोठा भूकंप झाला. त्यात छप्पर कोसळलेले कार्मेलाईट मठाचे चर्च आजही आभाळाखाली तसेच उघडे उभे आहे. तेही यादीत होते.

एका संध्याकाळी रोझरी झाल्यावर मी आईला यादी वाचून दाखवली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेले. ऑपरेशनला ती तयार नाही. तिने सगळे नीट ऐकले आणि म्हणाली, "छान आहे रे. तुम्ही दोघं फिरा. मी हॉटेलात माळ जपत बसेन. फातिमाला न्या, आणि मला तेवढं अंतोनीच्या घरी न्या. मंगळवारी जमलं तर बघ."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला लागले. आपल्या घरांतली वडीलधारी माणसे स्वतःला असेच यादीतून वगळतात. आपणही "त्यांनाच नको होतं" असे म्हणून मोकळे होतो.

त्या रात्री मला उत्पत्तीच्या पुस्तकातला तेहतिसावा अध्याय आठवला. वीस वर्षांनी याकोब आणि एसाव हे भाऊ भेटतात, गळ्यात पडून रडतात. एसाव म्हणतो, चल, आता बरोबरच जाऊ. याकोब नम्रपणे सांगतो की मुले कोवळी आहेत, गाईमेंढ्यांची पिले अंगावर पितात, एक दिवस जरी घाईने हाकले तरी कळप मरेल. तुम्ही पुढे व्हा, मी गुरांच्या आणि मुलांच्या चालीने सावकाश येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा प्रसंग अनेकदा शिकवला आहे. पण शिकवताना आमचे सगळे लक्ष भावांच्या समेटाकडे असते. याकोब स्वतः त्या दिवशी लंगडत होता, हे सहज निसटून जाते. आदल्याच रात्री देवाशी झोंबताना त्याची जांघ उखळली होती. ज्याचा स्वतःचा पाय दुखतो, त्याला दुसऱ्याची चाल दिसते.

मग मी बेत पुन्हा मांडला. आधी विचारायचे ते एवढेच: आई इथे किती पावले चालेल?

लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे आहेत. पांढऱ्याकाळ्या नक्षीचे, दिसायला सुंदर, पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. पावसात ते निसरडे होतात. म्हणून आईसाठी रबरी तळव्याचे बूट घेतले आहेत आणि ती ते आतापासूनच चर्चला घालून येते. 28 नंबरच्या ट्रामची पायरी उंच, गर्दी फार आणि खिसेकापूही, ती वगळली. उंच लोखंडी लिफ्टही वगळली. चढावर केबलने ओढल्या जाणाऱ्या गाड्या आईला सोयीच्या वाटल्या असत्या. पण त्यांतल्याच ग्लोरिया मार्गावर 3 सप्टेंबर 2025 रोजी झालेल्या अपघातात 16 जणांचा जीव गेला. त्या मृतांसाठी आईने त्याच रात्री एक माळ म्हटली. वाचता वाचता एक चांगली गोष्टही सापडली: खालच्या बाजारपेठेतून किल्ल्याच्या टेकडीकडे चढायला शहराने मोफत लिफ्ट ठेवल्या आहेत. पर्यटक फोटो काढतात त्यांत त्या नसतात. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र त्या ठाऊक असणारच.

आता आमचे दिवस असे आहेत. शनिवारी संध्याकाळी पोहोचायचे आणि झोपायचे.

रविवारी मिस्सा, विश्रांती, आणि दुपारी बेलेम. हा नदीकाठ सपाट आहे आणि तिकडे जाणाऱ्या 15 नंबरच्या मार्गावर कमी उंचीच्या, चढायला सोप्या ट्रामही धावतात. तिथे जेरोनिमो मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. 1837 पासून चालत आलेल्या दुकानात अंड्याच्या पिवळ्या बलकाचे गोड पेस्ट्री मिळतात. आईला मधुमेह नाही, तेव्हा त्याला माझी हरकत नाही. पण मला आईबरोबर बाकावर बसून पाहायची आहे ती नदी. 7 एप्रिल 1541 रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, संत फ्रान्सिस झेवियर याच नदीतून निघाले आणि 6 मे 1542 रोजी गोव्याला पोहोचले. 4 एप्रिल 1579 रोजी इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स इथूनच निघाले. त्यांनी आपल्या भाषेत ख्रिस्तपुराण लिहिले, ते 1616 साली छापले गेले. बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा मला त्यांची ओळख झाली. दोघेही मायदेशी परतले नाहीत. याच काठावरून तोफा आणि गुलामांचा व्यापारही निघाला, हेही आपण ख्रिस्ती माणसांनी त्याच बाकावर बसून आठवायला हवे. आपल्याला सुवार्ता मिळाली ती अशा गुंतागुंतीच्या इतिहासातून.

सोमवारी लिस्बनची बरीचशी स्मारके बंद असतात, म्हणून त्या दिवशी फातिमा. बसने दीड तास. बेळगावच्या आपल्या कॅथेड्रललाच फातिमा मातेचे नाव आहे, तेव्हा आईला ते परके वाटणार नाही. 1917 साली तीन लहान गुराख्यांना जिथे पवित्र मातेचे दर्शन झाले, त्या चॅपलपर्यंत जायला गुडघ्यांवर सरकत जाणाऱ्यांसाठी वेगळी गुळगुळीत वाट आहे. आईला ती मोह घालील, हे मी जाणतो. तिला मी आताच सांगून ठेवले आहे की तिच्या गुडघ्यांचे अर्पण देवाने कधीच स्वीकारले आहे. एकवीस वर्षे तिने त्याच गुडघ्यांवर बसून आमच्यासाठी प्रार्थना केली.

आणि मंगळवारी संत अंतोनी. त्यांचे दफन 1231 साली मंगळवारी झाले, म्हणून तो वार त्यांचा. बाबा गेल्यापासून आईने मंगळवारची नोव्हेना चुकवलेली नाही. आपण त्यांना पादुआचे म्हणतो, पण ते जन्मले लिस्बनमध्ये, फर्नांडो या नावाने. मोठ्या कॅथेड्रलमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या जन्मघराच्या जागी असलेले छोटे चर्च कॅथेड्रलला लागूनच आहे. भूकंपात वरचे चर्च पडले, तळघरातली जागा वाचली. चर्च पुन्हा बांधायला लिस्बनची मुले रस्त्यात उभी राहून अंतोनीसाठी एकेक नाणे मागत, असे सांगतात. तळघरात उतरायला पायऱ्या आहेत. तेवढ्या मी उतरेन, आई म्हणते. आम्ही एकाने पुढे, एकाने मागे राहायचे. संध्याकाळी विमान.

किल्ला राहिला, उघडे चर्च राहिले. बहिणीने फोनवर बेत ऐकला आणि क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, वॉर्डात मी रोज हेच करते. पेशंटच्या वेगानं चालते. घरच्यांच्या बाबतीतच घाई होते."

एकच मुद्दा अजून सुटलेला नाही. विमानतळावर व्हीलचेअर मागवायला आई तयार नाही. "लोक काय म्हणतील," हे तिचे म्हणणे. मी तिला अर्धांगवायूच्या त्या माणसाची आठवण दिली, ज्याला चौघांनी छप्पर उकलून येशूसमोर सोडले. त्याने "मला उचलू नका" म्हटले असते तर? ती हसली. हो म्हणाली नाही, पण हसली.

आपल्या धर्मग्रामातूनही वेलंकणीला, जुन्या गोव्याला बस निघतात. जागा, जेवण, वर्गणी सगळे ठरते. पुढच्या वेळी बैठकीत एक प्रश्न आधी विचारूया: आपल्यात सर्वांत सावकाश कोण चालते, आणि ते बसमध्ये आहेत ना?

प्रभू येशू, एमाउसच्या वाटेवर तू दोन थकलेल्या माणसांच्या चालीने चाललास. आम्हालाही ती चाल शिकव. आमेन.