माप कोणाच्या हातीं?

आमच्या घरीं आजीच्या वेळचें एक पितळी मापटें आहे. आतां तें देवघराच्या फळीवर वाती ठेवण्याच्या कामीं येतें. परंतु माझ्या लहानपणीं त्याचा मान मोठा होता. वाणी धान्य मोजूं लागला कीं आजी ओसरीवर येऊन बसे. पहिल्या मापाला वाणी 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणे, आणि आजी मुकाट्यानें शिगेकडे पाहत राही. मापटें एकच, पण तें सपाट भरावयाचें कीं शीग लावून, हें भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. मापापेक्षां मोजणाऱ्याकडे अधिक लक्ष ठेवावें, हा धडा मी तिच्यापाशीं शिकलों आणि पुढें तीस वर्षें सरकारी नोकरींत साफ विसरून गेलों.

माझें नोकरींतलें आयुष्य तक्ते भरण्यांत गेलें. दर महिन्याच्या अखेरीस प्रगतीचें पत्रक वर जावें लागे. उद्दिष्ट किती, साध्य किती आणि त्यांची टक्केवारी किती, एवढेंच तें विचारी. पण मार्च महिना जवळ आला म्हणजे त्या टक्केवारीच्या काळजीनें आम्हां साऱ्यांची झोप उडे. अशाच एका मार्चांत मी एका कोरडवाहू गांवीं विहीर पाहावयास गेलों. खोदाई झाली होती, बांधकाम भक्कम होतें, मोजमापांत बोटभराचा फरक नव्हता. कांठावर रिकामी घागर घेऊन एक म्हातारी उभी होती. तिनें विचारलें, "सायब, हीर झाली म्हनतायसा, मग पानी कुठं हाय?"

मीं वांकून पाहिलें. तळाशीं वाळलेला पाला पडला होता. मग मीं हातांतलें पत्रक पाहिलें. त्यांत खोदाईचा रकाना होता, बांधकामाचा होता, खर्चाचा होता, पाण्याचा नव्हता. मीं 'पूर्ण' असें लिहून खालीं सही केली. त्या सालच्या गोपनीय अहवालांत माझ्या नांवापुढें 'अत्युत्कृष्ट' असा शेरा पडला. मीं खोटें असें एक अक्षरहि लिहिलें नव्हतें, आणि हीच गोष्ट मला पुढें अधिकाधिक टोंचूं लागली.

निवृत्तीनंतर एकदां औंधास जाण्याचा योग आला. यमाईच्या डोंगरावर जाऊन देवीचें दर्शन घेतलें, तेथलें संग्रहालय पाहिलें आणि उतरतांना एका पायरीवर विसांवा घेत बसलों. खालीं गांव दिसत होतें. माप कोणाच्या हातीं असावें, या प्रश्नाचें उत्तर या एवढ्याशा गांवांतून एकदां देण्यांत आलें होतें, हें तेथें बसल्यावर आठवलें, आणि त्याबरोबर ती म्हातारीहि आठवली.

औंध संस्थान लहान. अवघीं ७२ गांवें, आणि तींहि एका ठिकाणीं नव्हेत. औंध, कुंडल, आटपाडी आणि गुणदाळ हे तालुके आजच्या सातारा, सांगली व विजापूर या जिल्ह्यांत विखुरलेले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा निश्चय केला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नांवाचे एक पोलिश इंजिनियर हे गांधीजींना भेटले, आणि त्यांच्या सल्ल्यानें सिद्ध झालेली राज्यघटना २१ जानेवारी १९३९ रोजीं जाहीर झाली. गांवानें आपली पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांची तालुकासभा बनावी आणि तिच्यांतून विधिमंडळ उभें राहावें, अशी ती रचना होती. महसुलाचा सुमारें अर्धा वांटा खालीं गांवांच्या कामासाठीं सोडण्यांत आला.

या शेवटच्या कलमाचें महत्त्व पत्रकें भरणाऱ्यालाच नीट कळेल. पैसा गांवचा, पंच गांवचे आणि तहानहि गांवचीच. अशा ठिकाणीं कोरड्या विहिरीपुढें 'पूर्ण' लिहिणें कठीण. कारण लिहिणाराला संध्याकाळीं घरीं जावयाचें असतें, आणि घरांतली घागर रिकामी असते. माझें घर त्या गांवापासून चाळीस मैल दूर होतें, आणि तेथें नळाला पाणी होतें.

त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत निघाली. भिंतीवांचून राहून कैद्यांनीं शेती करावी, ही तिची कल्पना. शांतारामबापूंच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाचें मूळ तेथलें, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच संस्थानच्या मुलखांतले. मला त्यांतली गंमत वाटते ती निराळीच. इतर तुरुंगांत अधिकाऱ्याचें काम कुलपांवरून आणि हजेरीवरून मोजतां येतें. जेथें कुलूपच नाहीं, तेथें मोजावयाचें काय? माणूस पुन्हा माणसांत राहण्याजोगा झाला कीं नाहीं, एवढेंच उरतें. आणि खरें काम तरी दुसरें कोणतें होतें?

परंतु जवळचें माप नेहमींच खरें असतें, असें मानण्याइतका मी भोळा नाहीं. जी विहीर पाण्यानें तुडुंब भरली आहे, पण जिच्या पायरीवर कांहीं माणसांना उभें राहूं दिलें जात नाहीं, ती पंचांच्या दृष्टीनें पूर्ण असते. तेथें दूरचा, परका, कायद्यावर बोट ठेवणारा अधिकारीच उपयोगीं पडतो. दूरचें माप कागदानें वांकतें, तर जवळचें भाऊबंदकीनें. शिवाय ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें. नऊ वर्षांच्या प्रयोगावरून शेवटचा निकाल देणें हें त्या प्रयोगावर अन्याय करण्यासारखेंच होईल.

आणि कागद मोजणें हें सर्वत्र वाईट असतें, असेंहि नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत कलेक्टर अनिलकुमार लखीना यांनीं कचेरीची जी मांडणी केली, तिचें नांव अजून निघतें. पुढें २०१५ सालच्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित सेवांना दिवसांची मुदत घालून दिली. हें फार चांगलें झालें. कारण दाखल्याच्या बाबतींत कागद हेंच काम असतें. तो वेळेवर हातांत पडला म्हणजे संपलें. विहिरीचें, शाळेचें, दवाखान्याचें तसें नव्हे. तेथें कागद ही केवळ कामाची सांवली. सांवली मोजून झाडाची उंची काढतां येते खरी, पण झाड आहे कीं नाहीं हें आधीं कोणीतरी जाऊन पाहावें लागतें. आणि तें सर्वांत चांगलें सांगेल तो त्याखालीं बसणारा. म्हणून मला वाटतें, प्रत्येक पत्रकांत एक तरी रकाना असा असावा कीं जो अधिकाऱ्यानें भरूं नये.

माझा पुतण्या आतां सरकारी नोकरींत आहे. त्याचीं पत्रकें संगणकावर भरलीं जातात, आणि जोडीला छायाचित्र द्यावें लागतें. परवां त्यानें एका नव्या विहिरीचें छायाचित्र मला मोठ्या उत्साहानें दाखविलें. बांधकाम खरोखरच सुबक होतें.

"पाणी किती हात आहे रे?" मीं विचारलें.

"काका, तो रकाना नाहीं यांत."

मीं पुढें कांहीं बोललों नाहीं. बोलण्याचा मला अधिकार नव्हता. थोड्या वेळानें फोन खिशांत टाकीत तोच म्हणाला, "उद्यां जाऊन विचारून येतों. अजून मीं 'पूर्ण' लिहिलेलें नाहीं."