ऊददाणी ते काचेची बरणी

मेणबत्ती वास घेण्यासाठी लावायची असते, हे आमच्या पिढीला वाशीत कुणी सांगितलं असतं, तर त्याला आम्ही खुळ्यात काढलं असतं. मेणबत्ती म्हणजे लाइट गेल्याची वर्दी. (ही वाशी खाडीपलीकडची, मॉलवाली नव्हे. बालाघाटाच्या माथ्यावरची, धाराशिव जिल्ह्यातली, तालुक्याची वाशी. एवढा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो.) आता त्याच वाशीत दिवाळीच्या तोंडावर दुकानांत काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात. त्यांवर मोगरा, लॅव्हेंडर, व्हॅनिला अशी नावं, आणि एकीवर चक्क समुद्राची झुळूक! समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. झुळूक मात्र बरणीत घालून घरपोच.

तेव्हाची मेणबत्ती पांढरी, सडपातळ आणि निर्गुण. किराणा दुकानातून कागदी पुडा आणायचा, फळीवर काडेपेटीशेजारी ठेवायचा आणि विसरायचा. लाइट गेली की अंधारात चाचपडत तो शोधायचा. पालथ्या वाटीवर मेणाचे दोन थेंब पाडायचे आणि ते गोठायच्या आत मेणबत्तीचं बूड त्यात रोवायचं. ओघळलेलं मेण आम्ही पोरं नखानं खरवडून गोळा करायचो. त्याच्या गोळ्या वळायच्या आणि पुन्हा वात घालून नवी मेणबत्ती करण्याचा उद्योग आरंभायचा. ती कधीच धड पेटली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर जिल्ह्यातली माणसं कित्येक रात्री अंगणात झोपली, तेव्हा उशाला कंदील आणि हीच मेणबत्ती होती. पुढं भारनियमनाची वर्षं आली, दहावी-बारावीचे अभ्यास तिच्याच उजेडात झाले. तिला वास होता तो विझल्यावरच्या धुराचा, आणि कुणाचे केस जवळ गेले तर जळक्या केसांचा.

मानाचं मेण घरात एकच होतं, आजीच्या करंड्यातलं. मधाच्या पोळ्याचं मेण खोबरेल तेलात वितळवून, फडक्यातून गाळून करंड्यात ओतलेलं. सकाळी आंघोळ झाली की ती बोटाच्या टोकानं मेण कपाळावर गोल फिरवायची, मग त्यावर कुंकू दाबून बसवायची. जास्तीचं कुंकू फुंकरीनं उडवलं की कड अशी रेखीव उमटायची, की आजचं चिकटवायचं टिकलीचं पाकीट लाजावं. करंडा उघडला की मधाचा मंद वास यायचा. आज परदेशी कंपन्यांच्या महागड्या बरण्यांवर मधमाश्यांचं मेण असं मिरवून छापलेलं असतं. आजीकडं ते होतं, पण ते जाळून टाकायची कल्पना तिला सोसली नसती.

घरात वास नव्हते असं मात्र नाही. पुष्कळ होते, आणि प्रत्येकाला काही ना काही काम होतं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली पडायच्या. न्हाऊ घातलेल्या बाळाला त्या धुरीवर धरायचं, बाळंतिणीचे ओले केस त्यावर वाळवायचे. पावसाळ्यात डास झाले की गोठ्यात कडुलिंबाचा पाला धुमसायचा, त्याचा कडवट धूर अर्ध्या गल्लीत शिरायचा. दिवेलागणीला देवासमोर करडईच्या तेलाचा दिवा आणि निखाऱ्यावर गुग्गुळ. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी, परड्यात मोगऱ्याच्या कळ्या. दिवाळीत तेरखेड्याच्या फटाक्यांच्या दारूचा वास. आणि सरमकुंडी फाट्याच्या बाजूनं वारा आला की खव्याच्या भट्टीवर आटणाऱ्या दुधाचा.

मला सगळ्यात जास्त आठवते ती बाजारपेठेतली गुरुवारची संध्याकाळ. हिरव्या कफनीतले एक बाबा हातात ऊददाणी घेऊन दुकानादुकानांतून फिरायचे. ऊददाणीला साखळी, आत लाल निखारे, कमरेच्या झोळीत लोबान. दुकानाच्या उंबऱ्याशी आले की चिमूटभर लोबान निखाऱ्यावर टाकायचे. पांढरा दाट लोट उठायचा. मोरपिसांच्या कुंच्यानं तो लोट आधी गल्ल्यावर, मग तराजूवर, मग कापडाच्या तागांवर सारायचे. मारवाड्याचं दुकान असो, लिंगायताचं असो की मोमिनाचं, नाणं पुढं सरकायचं, बाबा पुढं जायचे. रात्री वडील दुकान बंद करून आले की त्यांच्या सदऱ्याला तो वास असायचा. गुरुवार असल्याचं आम्हाला त्यावरून कळायचं.

ऐपतीचा फरक तेव्हाही होताच. गरिबाघरी कडुलिंबाचा पाला फुकट, मधल्या घरी चार आण्यांचा ऊद, आणि सावकाराच्या वाड्यात म्हैसूरची अगरबत्ती आणि हिना अत्तराचा फाया. पण दिवेलागणीला गल्लीतून चालत गेलं तर घराघरांतले वास एकमेकांत मिसळलेले असायचे. कुणाचा कुठला हे निवडता येत नसे. आता बरणी बंद, खोली बंद, वासही ज्याचा त्याच्या घरात. खिशाप्रमाणे वेगळे असलेले वास आता एकमेकांत मिसळत नाहीत, हे या काळाचं देणं.

जुन्याचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. तो धूर अंगाला बाधायचाच. चुलीपुढं आयांचे डोळे लाल व्हायचे, धुरीच्या खोलीत बाळ खोकायचं. ऊद आणि अगरबत्ती यांचा धूर नीट बनवलेल्या मेणबत्तीपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्या हिशेबानं नवी बरणी फुफ्फुसाला थोडी सोसते, एवढं श्रेय तिला द्यायला हवं. नव्वदीला टेकलेली माझी चुलती मात्र कुठलंच श्रेय द्यायला तयार नाही. पुण्याच्या नातसुनेनं कौतुकानं समुद्राची झुळूक पेटवली, तर ती आतून ओरडली, “ह्यो कसला वास गं? साबण उकळतेत का कुठं?”

आता खरी गंमत सांगतो. चांगल्या बरणीवर हल्ली सोया मेण असं ठळक छापलेलं असतं. हे मेण सोयाबीनच्या तेलापासून होतं. तेलाला हायड्रोजन देऊन ते घट्ट केलं जातं. अमेरिकेत ही युक्ती नव्वदच्या दशकात रूढ झाली. आमच्याकडं सोयाबीन रुजलं तेही साधारण त्याच सुमारास. माझ्या लहानपणी खरिपात मूग, उडीद, तूर, पिवळी ज्वारी दिसायची आणि रब्बीत करडई. आज जुलैत वाशीच्या कुठल्याही शिवारात उभं राहा, नजर पोचेल तिथवर सोयाबीन. 2025-26 चा त्याचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न. दोनशे ग्रॅम सोया मेणाची बरणी आठशे रुपयांना मिळते. त्या मेणाला लागणारं तेल सव्वा किलोच्या आतल्या सोयाबीनमधून निघतं, कारण दाण्यात अठरा-वीस टक्के तेल असतं. आणि आठशे रुपयांत हमीभावानं सोयाबीन येतं पंधरा किलो, तोही भाव पदरात पडला तर. बाकीचे पैसे काचेचे, अत्तराचे, डब्याचे आणि नावाचे. आमच्याच रानातून पोत्यानं गेलेला माल ग्रॅमवर परत येतो, तो असा.

म्हणून विकत घेताना पहिली सवय ही लावा, की किमतीला जळण्याच्या तासांनी भागायचं. चहाच्या बशीएवढी जागाही न अडवणारी छोटी टीलाइट बारा-पंधरा ग्रॅमची असते आणि साधारण चार तास जळते. दहांचं पाकीट शंभर रुपयांना पडलं तर तासाला अडीच रुपये. दोनशे ग्रॅमची बरणी चाळीसेक तास चालते. आठशे रुपयांना घेतली तर तासाला वीस रुपये. दोन्ही मेणबत्त्याच, पण एक आठपट महाग. ती आठपट चांगली आहे का, हे नाकानं ठरवायचं.

शंभराच्या आतबाहेर खर्च करायचा असेल तर सुवासिक टीलाइटपेक्षा बिनवासाच्या घ्या आणि कुंभाराकडून किंवा जत्रेतून मातीचं दीपपात्र आणा, वर वाटी आणि खाली कोनाडा असलेलं. वाटीत पाणी, त्यात लिंबू-गवताच्या किंवा मोगऱ्याच्या तेलाचे चार-पाच थेंब. स्वस्त टीलाइटमधलं अत्तर बहुधा नावालाच असतं, पाकिटातून काढताना जेवढा वास येतो तेवढाच. दीपपात्रात वास किती हवा ते तुमच्या हातात राहतं.

दोनशे ते पाचशेत पत्र्याच्या डबीतल्या आणि छोट्या काचेतल्या मेणबत्त्या येतात. बहुतेक घरांना हीच पायरी पुरते. इथं तीन गोष्टी बघा. वात बरोबर मध्यभागी आणि सुती हवी. डबीवर वजन ग्रॅममध्ये छापलेलं हवं. आणि झाकण उघडून नाक जवळ नेल्यावर डोक्यात झिणझिण्या येता कामा नयेत. न पेटवलेल्या मेणाचा वास आणि पेटल्यावरचा वास यांत फरक असतो. दुकानात जी सगळ्यात उग्र, ती घरात सगळ्यात चांगली असं कधी होत नाही. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी स्वतःची दृष्टी गेल्यावर मेणबत्त्या करायला शिकून, हातगाडीवर त्या विकून सनराइज कँडल्स उभं केलं. तिथं दृष्टिहीन कारागीर काम करतात. पाचगणी-महाबळेश्वरची सहल असेल तर स्ट्रॉबेरीच्या क्रशसोबत एखादी मेणबत्तीही आणावी. तुमच्या गावातल्या बचत गटाच्या बाया करत असतील तर आधी त्यांच्या.

आठशेच्या वरचा खर्च भेटीसाठी करावा. गृहप्रवेश, लग्न, निरोप समारंभ. अशा बरणीत मेणाच्या सहा ते दहा टक्के अत्तर असतं, तेही किमतीचं एक कारण. मेण सोयाचं की पॅराफिनचं यावरून फार भांडू नये. पॅराफिन खनिज तेलातून निघतं म्हणून ते विषच असं नाही आणि सोया लिहिलंय म्हणजे निखळ सोया असेलच असंही नाही, मिश्रण सर्रास चालतं. काजळी दोन्हींनी धरते, वात लांब ठेवली की.

पेटवण्याचीही रीत आहे. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचा सगळा थर काठापर्यंत वितळू द्या. अर्धवट विझवली तर मध्येच खड्डा पडतो आणि कडेचं मेण कायमचं वाया जातं. दर वेळी वात पाव इंच ठेवून कातरा. चार तासांवर सलग जाळू नका. फुंकर मारू नका, झाकण ठेवून विझवा, म्हणजे तो जुना धुराचा वास येणार नाही. तळाला बोटभर मेण उरलं की थांबा, काच तडकते. पडद्यापासून, लहान मुलांपासून, दम्याच्या माणसापासून लांब ठेवा. आणि पेटती सोडून शेतावर निघून जाऊ नका.

पण या सगळ्यांहून मोठा सल्ला मराठवाड्यातला आहे, तो कुठल्याही बरणीवर छापलेला नसतो. आपल्याकडं वर्षातले आठ महिने डोक्यावर पंखा फिरतो. पंख्याखाली मेणबत्तीची ज्योत लवते, मेण एका बाजूनं वितळतं, काच काळी पडते आणि वास खोलीत टिकण्याऐवजी खिडकीबाहेर जातो. पंखा बंद करून मेणबत्ती लावावी तर घामाचा वास जिंकतो. सोया मेण पन्नास अंशांच्या आतच मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीतून आलेलं पार्सल उघडा, बरणीत मेण एका बाजूला कललेलं आणि वात आडवी झोपलेली दिसेल. पैसे परत मागण्याची खटपट वेगळी.

म्हणजे सुवासालाही ऋतू असतो. आमच्या जुन्या माणसांनी तो ओळखला होता. पंखा थांबतो ते दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, तेवढे दिवस मेणबत्तीचे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेव्हा खिडकी उघडी ठेवून निखाऱ्यावर चिमूटभर ऊद. उन्हाळ्यात माठात वाळा आणि वाटीत मोगरा, दोन्ही बिनआगीचे. या हिशेबानं चाललात तर वर्षाला पाचशे रुपये पुष्कळ झाले. दोन हजारांची बरणी मे महिन्यात मागवू नका, मग ती कितीही सवलतीत मिळत असो.