तिकिटावर वाडी लिहिलेली नसते



मागच्या महिन्यात आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्याने मला मोबाईलवर एक रील दाखवली. एक मुलगा लालपरीने कोकणात जातो, वाटेत वडापाव खातो, शेवटी खर्चाचा हिशेब सांगतो आणि या सगळ्याला 'बजेट ट्रिप' म्हणतो. मला हसू आले. परळ, लालबाग, नायगावच्या चाळींतली आपली माणसे तीन पिढ्या हेच करत आली. त्याला कोणी ट्रिप म्हटले नाही, गावी जाणे म्हटले.

पण मग प्रश्न पडला, एसटी आपल्याला फक्त स्वस्त म्हणून जवळची आहे का?

१९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. कोरेगावला वडिलांकडे जायचे होते. पोरांच्या अंगावर चांगले कपडे होते, जवळ पैसे होते. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. तो स्वतः बाजूने चालत राहिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. म्हणजे तेव्हा अडचण पैशाची नव्हती. दुप्पट मोजूनही गाडीवान मिळत नव्हता.

हे सारखे डोक्यात घोळत होते, कारण यंदा बुद्ध पौर्णिमेला आईला घेऊन खेड तालुक्यातल्या आमच्या गावी जायचे होते. एरवी आम्ही परळहून रात्रीची गाडी धरतो. रात्री प्रवास केला की दिवसाचा खाडा होत नाही, बाबा गिरणीत होते तेव्हापासूनची ही सवय. त्यामुळे महाड नेहमी मध्यरात्र उलटल्यावर येते. गाडी स्टँडात वळली की आई बरोबर जागी होते, खिडकीबाहेरच्या अंधाराला हात जोडते आणि पुन्हा झोपते. चाळीस वर्षे ती महाडवरून ये-जा करते आहे, पण चवदार तळे तिने एकदाही पाहिले नव्हते. २० मार्चला आमच्या चाळीतून गाड्या जायच्या. पण आई लोकांकडे भांडी घासायची, आणि त्या घरांना २० मार्च म्हणजे काय ते ठाऊक नव्हते.

या वेळी मी सकाळची गाडी घेतली. परळ ते महाड एक तिकीट, महाड ते खेड दुसरे. तिकीट टप्प्यांवर असते, तोडून काढले की थोडे जास्त पडू शकते. पण १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धेच तिकीट आहे, म्हणून ही चैन जमली.

आईला खिडकी मिळाली, मी मागच्या सीटवर. तिच्या शेजारी एक काकू. पनवेल सुटले, कर्नाळ्याची झाडी आली तशा गप्पा सुरू झाल्या. गाव कुठले, मुले किती. मग, "कुठली वाडी?"

कोकणातल्या वाचकांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. आडनाव विचारायचीही गरज पडत नाही.

आई म्हणाली, "बौद्धवाडी." जरा मोठ्यानेच.

काकू गप्प झाल्या. आईने चिक्की पुढे केली तर "उपास आहे" म्हणाल्या. शेंगदाण्याची चिक्की उपासाला चालते हे त्यांना ठाऊक होते आणि आईलाही. आईने ती एकटीने खाल्ली. गाडी भरलेली होती, सीटना नंबर होते. त्या काकूंना उठून जायला जागा नव्हती आणि आईला उठवायचा अधिकार नव्हता. माणगाव येईपर्यंत दोघी खांद्याला खांदा लावून बसून होत्या. त्यांचे मन बदलले असे मी म्हणत नाही. एसटी मने बदलत नाही, ती जागा देते.

वडखळला अलिबागचा फाटा लागतो. धरमतर त्याच बाजूला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला निघताना बाबासाहेबांना धरमतरवरून मोटारने जाणे जवळचे होते. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला तर? म्हणून ते सहकाऱ्यांसह पद्मावती बोटीने हरिहरेश्वरमार्गे दासगावला गेले आणि तिथून पाच मैल चालत महाडला. ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, तिथवर पोचायलासुद्धा गाडीची खात्री नव्हती. आमची गाडी दासगाववरून काही मिनिटांत पुढे गेली.

सीताराम केशव बोल्यांच्या १९२३ च्या ठरावात सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने होते. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली, तेव्हापासून मी त्या यादीत एसटीची सीटही धरते. आपण शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण वाडीची फेरी बंद झाली की आपण सहाआसनी शोधतो. भाडेतत्त्वावरच्या गाड्या येतात, त्यांचा चालक कंत्राटदाराचा असतो, आणि कंत्राटदाराला बिंदुनामावली लागत नाही. राखीव जागा कोणी काढून घेतली असे दिसतही नाही. ती भरतीच होत नाही, एवढेच. समाजशास्त्राच्या वर्गात खासगीकरणावर मी निबंध लिहिले होते, त्यात स्टँडवरच्या चौकशीची खिडकी कुठेही नव्हती.

महाडला उतरून चालत तळ्यावर गेलो. साधा दिवस, गर्दी नाही. आई पायरीवर बसली, बराच वेळ बसली. मग म्हणाली, "स्टँड कुठल्या अंगाला?" मी दाखवले. ती हसायला लागली. इतकी वर्षे ती गाडीच्या दुसऱ्याच बाजूला हात जोडत होती.

खेडची गाडी पोलादपूर सोडून कशेडीच्या बोगद्यात शिरली. पूर्वी या घाटात अर्धी गाडी ओकायची, आई पदराला लिंबू बांधून आणायची. या वेळीही आणले होते. बोगदा संपला तरी लिंबू हातातच. "घाट कधी येणार?" तिने विचारले. मी म्हटले, गेला.

फाट्यावर उतरलो. गावठाणापर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे वाडीपर्यंत चालायचे. परतीचे रिझर्व्हेशन मी रात्रीचे केले होते. आईने ते रद्द करून सकाळचे करायला लावले.